पावतीवर नाव नव्हते

२४ मार्च २०२० च्या रात्री आमच्या आईने आयुष्यातला सगळ्यात मोठा धंदा केला. आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि रात्री बारापासून एकवीस दिवस सगळा देश बंद राहील असे सांगून गेले. भाषण संपते न संपते तोच माणसे पिशव्या घेऊन रस्त्यावर उतरली. मध्य रेल्वेच्या एका स्टेशनाबाहेर, पुलाच्या जिन्यापाशी आई बावीस वर्षे भाजी विकत आली आहे. लोकल बंद होऊन दोन दिवस झाले होते, म्हणून त्या दिवशी ती वस्तीच्या तोंडाशी बसली होती. तासाभरात टोपल्या रिकाम्या झाल्या. किडकी वांगी गेली, पिवळी पडलेली मेथी गेली. बाजूच्याने कांद्याचा भाव दुप्पट केला. आईने केला नाही. आम्ही कौतुक करायला गेलो तर म्हणाली, "उद्या बी याच गिऱ्हाईकापुढं बसायचंय." उद्या बसायला मिळणार नाही, हे तिला तोवर कळलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. शेजारच्या मावशीने पाडव्यासाठी आठवडाभर आधीच साखरेच्या गाठी भरून ठेवल्या होत्या. पाडवा गेला की गाठीला कोणी विचारत नाही. त्या गाठी पुढे दोन महिने तिच्या घरी चहात विरघळत होत्या. साखर विकत आणायला पैसे नव्हते आणि गाठी घ्यायला गिऱ्हाईक नव्हते.

आम्ही म्हणजे त्या भाजीवालीची तीन लेकरे, आणि आमच्याबरोबर वस्तीतल्या विहारात संध्याकाळची अभ्यासिका चालवणारी आणखी दहाबारा पोरे. आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी रस्त्यावर बसते. कोणाची आजी बांगड्या विकते, कोणाचा बाप वडापावची गाडी लावतो, कोणाचा भाऊ मोबाईलची कव्हरे आणि चार्जर विकतो. आज सगळे निर्बंध उठले आहेत, बाजार पुन्हा भरले आहेत, आणि 'कोरोनाने गरिबांचे हाल केले' असे एक वाक्य बोलून जो तो मोकळा होतो आहे. आमचे त्या वाक्यावरच भांडण आहे. साथीने धंदा बंद पाडला हे खरे. पण आमच्या घरांना उपाशी ठेवले ते एका कोऱ्या रकान्याने. सरकारच्या कोणत्याही वहीत आमच्या आयांची नावे नव्हती. हे नीट सांगायचे तर आधी हिशेब सांगावा लागेल.

त्या काळात 'हातावर पोट असणारे' हे शब्द टीव्हीवर फार ऐकू आले. हातावर पोट म्हणजे काय? आई पहाटे तीनला उठते. गल्लीतल्या चारपाच जणी मिळून टेम्पो करतात आणि घाऊक बाजारात जातात. माल घ्यायला रोख लागते. ती नसली तर सकाळी नऊशे रुपये घ्यायचे आणि संध्याकाळी हजार परत करायचे, असा व्यवहार आमच्या बाजारात वर्षानुवर्षे चालतो. तोच व्यवहार रोज झाला तर नऊशे रुपयांच्या भांडवलावर महिन्याला तीन हजार व्याज जाते. एवढे व्याज कोणता कारखानदार भरतो? त्यातून टेम्पोचे भाडे, बाजार फीची पावती, चहापाणी, आणि ज्याची पावती मिळत नाही तो हप्ता. उरेल त्यात घर. दुकानदाराचा माल फळीवर महिनाभर राहतो. पालेभाजी दुसऱ्या दिवशी दुपारी गुरांना घालावी लागते. म्हणजे भांडवल रोज सकाळी जन्माला येते आणि रोज रात्री संपते. मधले तीन दिवस धंदा झाला नाही तर चौथ्या दिवशी घरात भांडवलही नसते आणि भाकरीही नसते.

तुम्ही म्हणाल, भाजी तर अत्यावश्यक सेवेत होती, मग अडचण काय आली? कागदावर होती. पण स्टेशनाबाहेरच्या भाजीवालीचे गिऱ्हाईक म्हणजे लोकलमधून उतरणारा माणूस. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात कामावरून परतणारी बाई जिना उतरते, कोथिंबिरीची जुडी आणि पाव किलो भेंडी घेते आणि रिक्षाला जाते. लोकल सामान्य प्रवाशांसाठी मार्च २०२० मध्ये बंद झाली. १ फेब्रुवारी २०२१ ला ती सर्वांना ठरावीक वेळांत खुली झाली. सकाळी सातच्या आधी, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. आईच्या धंद्याची वेळ नेमकी या वेळांच्या मधोमध पडत होती. दहा महिने गिऱ्हाईक नाही आणि त्यानंतर आले ते अवेळी. दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये किराणा-भाजीला सकाळी सात ते अकरा एवढीच मुभा उरली. संध्याकाळच्या बाजाराला सकाळचे चार तास देणे म्हणजे मासे विकणाऱ्याला एकादशीला परवानगी देणे आहे.

आणि जे अत्यावश्यक नव्हते त्यांचे काय? बांगड्या, खेळणी, ओढण्या, पाणीपुरी, चपलांची दुरुस्ती हे सगळे एका रात्रीत बेकायदा झाले. पोट मात्र बंद झाले नाही. मग ज्याला जमेल त्याने भाजीची गाडी लावली. वडापाववाल्या काकांनी बटाटे विकले, बांगडीवाल्या आजीने लिंबे विकली. आमच्या गल्लीत सहा गाड्या होत्या तिथे मे महिन्यात तीस झाल्या आणि गिऱ्हाईक तेवढेच, तेही बिनपगारी घरी बसलेले. सगळ्यांनीच भाजी विकायला घेतली की कोणाचीच विकत नाही. एकदा दोन मोटारसायकलींवरून शिपाई आले. कोणाच्या पाठीत काठी बसली, कोणाची गाडी उलटी झाली. त्या दिवशी गटारात पडलेले टोमॅटो आम्ही धुऊन घरी आणले. आई रडली नाही. तिने फक्त वजने मोजून घेतली. तराजूची वजने हरवली तर पुन्हा घ्यायला पैसे नव्हते.

साथ आवरायला राज्याने जो कायदा लावला तो १८९७ चा साथरोग कायदा. मुंबई इलाख्यात प्लेग आला तेव्हा इंग्रजांनी केलेला. त्याच १८९७ च्या १० मार्चला सावित्रीमाई गेल्या, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता. पुण्याजवळ मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात त्यांनी अस्पृश्यांच्या मुलांना स्वतः उचलून आणले होते. त्या एका वर्षात या महाराष्ट्राने साथीला तोंड देण्याचे दोन मार्ग पाहिले. एकात माणसाला हटवायचे, दुसऱ्यात माणसाला उचलून घ्यायचे. सव्वाशे वर्षांनी आपल्या हाती पहिलाच मार्ग का यावा?

'सोशल डिस्टन्सिंग' हा शब्द तेव्हा कॉलर ट्यूनवरसुद्धा वाजत होता. सामाजिक अंतर! ज्या देशाने हजारो वर्षे सामाजिक अंतर पाळले, सावलीचेसुद्धा पाळले, त्याला हा शब्द कसा रुचला याचे आम्हाला नवल वाटले नाही. रोगापासून वाचायला शारीरिक अंतर लागते. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा मार्च २०२० मध्येच तो शब्द वापरू लागली होती. पण आपल्याकडे सोसायटीच्या फाटकावर जे पाळले गेले ते सामाजिक अंतरच होते. बॅग पाठीला लावून आलेला डिलिव्हरीचा पोरगा आत जायचा, कारण त्याच्यामागे कंपनीचे नाव होते. गल्लीतली भाजीवाली बाहेर, कारण ती 'कुठून येते कोणास ठाऊक'. विषाणूला कंपनीचा गणवेश ओळखता येत होता काय?

आणि मग नाव विचारणे सुरू झाले. एप्रिल २०२० मध्ये दिल्लीतल्या एका धार्मिक मेळाव्याच्या बातम्यांनंतर देशात अनेक ठिकाणी फळवाल्यांना, भाजीवाल्यांना आधार कार्ड दाखवायला लावले गेले. आमच्या बाजारातले फळवाले चाचा आमच्या जन्माच्या आधीपासून तिथे उभे राहतात. एका सोसायटीच्या फाटकावर त्यांना नाव विचारले गेले. दुसऱ्या दिवसापासून ते त्या रस्त्याने गेलेच नाहीत. आमच्यातल्याही काही पोरांच्या मोबाईलवर ते बहिष्काराचे मेसेज फिरत होते, हे इथे लपवून चालणार नाही. आम्ही विहारात बसून त्यांना एवढेच विचारले: महाडच्या सत्याग्रहानंतर बाबासाहेबांनी जे पाक्षिक काढले त्याचे नाव काय होते? 'बहिष्कृत भारत'. बहिष्काराची चव ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी घेतली, त्यांनी ती दुसऱ्याला वाढायची?

नावाचा हा प्रश्न आमच्या घराला नवा नाही. काही वर्षांपूर्वी आईच्या मनात पोळीभाजीचा डबा सुरू करायचे आले होते. भाजीपेक्षा त्यात चार पैसे जास्त. मग तिनेच विचार सोडला. "भाजी घेताना कोन आडनाव विचारत न्हाई. शिजवलेल्याला इचारत्यात." गावात तर आमच्या हातचे दूधही कोणी विकत घेत नव्हते. जमीन नाही, दुकानाला भांडवल नाही, आणि बनवलेले विकायला गिऱ्हाईक नाही. म्हणून १९७२ च्या दुष्काळात आमचा आजोबा मराठवाडा सोडून इकडे आला. शहराच्या रस्त्याने आम्हाला पहिल्यांदा असे गिऱ्हाईक दिले की जे भाव विचारते, जात विचारत नाही. बाबासाहेब गाव सोडा म्हणत होते त्याचा अर्थ आमच्या घराला पुस्तकातून कळला नाही, या फूटपाथवर कळला. साथ आली आणि तो फूटपाथही पुन्हा नाव विचारू लागला. या दोन वर्षांत आम्ही गमावले त्यात पैशांपेक्षा हे मोठे आहे.

१४ एप्रिल २०२०. जयंती घरात झाली. दारात पणत्या लावल्या, तसबिरीला हार म्हणून आईने कण्हेरीची फुले ओवली, कारण फुलबाजार बंद होता. मिरवणुकीसाठी जमलेल्या वर्गणीतून तांदूळ, डाळ, तेल घेऊन वाटले. आमच्यासारखे अनेक वस्त्यांनी केले आणि त्याचा अभिमान आहे. त्याच दिवशी सकाळी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचे जाहीर झाले. शिधा वाटताना एका घरासमोर मात्र पाय अडखळले. ते घर निळे झेंडे, बिल्ले, प्लास्टरच्या मूर्ती आणि पुस्तके विकणाऱ्याचे. त्याचे वर्ष चार दिवसांवर चालते: १४ एप्रिल, दीक्षाभूमीचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबरची चैत्यभूमी आणि १ जानेवारीचे भीमा कोरेगाव. घरभर मूर्ती रचलेल्या होत्या. बाबासाहेबांच्या चाळीसएक मूर्ती आणि चूल बंद. पुढे ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीचा सोहळा झाला नाही, डिसेंबरमध्ये चैत्यभूमीला न येता घरूनच अभिवादन करा असे आवाहन झाले. गर्दी नको हे बरोबरच होते आणि समाजाने ते शिस्तीने पाळले. पण त्या गर्दीवर ज्यांचे वर्ष चालते त्यांचे काय, हा प्रश्न सरकारने विचारला नाही. खरे सांगायचे तर आम्हीही विचारला नव्हता.

१ जून २०२० ला केंद्र सरकारने पीएम स्वनिधी योजना आणली. पथविक्रेत्याला दहा हजार रुपये खेळते भांडवल, वर्षभरात फेड, वेळेवर हप्ते भरले तर सात टक्के व्याज अनुदान. अट अशी की २४ मार्च २०२० ला किंवा त्याआधी तुम्ही रस्त्यावर विक्री करत असला पाहिजे. म्हणजे जिने त्या रात्री सगळ्या टोपल्या रिकाम्या केल्या तिचा हक्क पक्का. आम्ही आईचा अर्ज भरायला बसलो. मोबाईलवर पहिल्याच पानावर प्रश्न आला: पालिकेच्या सर्वेक्षणात तुमचे नाव आहे काय? विक्री प्रमाणपत्र आहे काय? नसेल तर पालिकेचे शिफारसपत्र आणा.

आईने फळीवरून बिस्किटांचा एक जुना डबा काढला. त्यात बावीस वर्षांच्या पावत्या होत्या. रोजच्या बाजार फीच्या पातळ, पिवळ्या, रबराने बांधलेल्या. तिला अक्षरओळख विहारातल्या वर्गात झाली, म्हणून कागद टाकायचा नाही हे तिने पक्के ठरवलेले. आम्ही गठ्ठे सोडले. पावतीवर तारीख होती, रक्कम होती, शिक्का होता. नाव नव्हते. बावीस वर्षे तिच्याकडून पैसे घेतले, पण कोणाकडून घेतले हे एकदाही लिहिले नाही. कार्यालयात दाखवल्या तर खिडकीतला माणूस म्हणाला, "ह्या कोणाच्याही असू शकतात."

डब्याच्या तळाशी तीन कागद वेगळे निघाले. अतिक्रमणवाल्यांनी माल उचलला तेव्हाच्या दंडाच्या पावत्या. त्यांच्यावर आईचे नाव होते, वडिलांचे नाव होते, पत्ता होता, आणि कोणत्या ठिकाणी कोणता माल विकताना सापडली तेही होते. तिला भाजीवाली म्हणून ओळखणारा सरकारचा एकमेव कागद म्हणजे ती गुन्हेगार असल्याचा कागद. त्याच कागदांवर तिला शिफारसपत्र मिळाले. गल्लीतल्या ज्या बायका पळण्यात तरबेज होत्या, ज्यांना गाडी कधी पकडू शकली नाही, त्यांच्याकडे काहीच नव्हते. त्यांना पत्र मिळाले नाही.

कर्ज मंजूर व्हायला सात महिने लागले. बँकेच्या चार खेपा झाल्या, कारण बचत गटाच्या जुन्या कर्जाचे हप्ते थकलेले दिसत होते. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० हप्त्यांना सवलत दिली होती हे आम्ही तिथे मोठ्याने सांगितले. त्या सवलतीतही व्याज चढतच होते, हे आम्हाला नंतर कळले. दहा हजार हातात आले तेव्हा त्यातले सहा नऊशे-हजारवाल्याकडे गेले. त्या पैशांनी आईचे व्याज थांबले, म्हणून योजना निरुपयोगी होती असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याचा धंदा सरकारी आदेशाने बंद केला, त्याला कर्ज देणे ही मदत की वसुली? पूर आला तर पंचनामा होतो आणि भरपाई मिळते. गटारात गेलेल्या टोमॅटोंचा पंचनामा कोणी केला?

मग दुसरी १४ एप्रिल आली, २०२१ ची. आदल्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी कडक निर्बंध जाहीर केले, जयंतीच्याच रात्री आठपासून. या वेळी राज्याने मदतीचा विचार आधी केला याची आम्ही नोंद घेतो. पाच रुपयांची शिवभोजन थाळी मोफत केली, आणि फेरीवाल्यांना प्रत्येकी दीड हजार रुपये द्यायचे ठरले. विहारात टीव्हीपुढे बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग वृत्तनिवेदक पूर्ण वाक्य बोलला: राज्यातील सुमारे पाच लाख नोंदणीकृत फेरीवाल्यांना. टाळ्या थांबल्या. गाठीवाल्या मावशीने विचारले, "नोंदनीकृत म्हंजी कोन?"

दीड हजार म्हणजे महिन्याचे धरले तर दिवसाला पन्नास रुपये. प्रश्न पन्नास रुपयांचा नव्हताच. प्रश्न त्या एका शब्दाचा होता. नोंदणी करायची कोणी? मावशीने की सरकारने?

याचे उत्तर संसदेने आधीच दिलेले आहे. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) कायदा, २०१४. तो १ मे २०१४ ला लागू झाला. कामगार दिनी, महाराष्ट्र दिनी! त्यात लिहिले आहे की दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्व पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करायचे. सर्वेक्षणात सापडलेल्यांना शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत सामावून घ्यायचे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवायचे नाही. माल जप्त केला तर त्याची यादी द्यायची, आणि दंड भरून मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी परत करायचा. शहर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडलेले असावेत, त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, आणि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक व अपंगांना योग्य प्रतिनिधित्व मिळावे. इतका स्पष्ट कायदा झोपडपट्टीतल्या माणसाच्या वाट्याला क्वचितच येतो.

झाले काय? मुंबईचेच पाहा. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. तिचे अडीच टक्के म्हणजे तीन लाखांवर. २०१४ मध्ये महापालिकेकडे सुमारे ९९ हजार अर्ज आले. अधिवासासारख्या अटींच्या चाळणीतून पात्र ठरले ते पंधरा हजारांच्या आसपास. देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेची ही गत, तर आमच्यासारख्या शहरांचे काय सांगावे? १ मे २०२२ ला कायद्याला आठ वर्षे झाली. सर्वेक्षण वेळेवर झाले असते तर २४ मार्चच्या रात्री सरकारकडे यादी तयार असती. पहिल्याच आठवड्यात खात्यावर पैसे टाकता आले असते. यादी नव्हती, म्हणून कर्जाला पुरावा मागितला आणि मदतीला नोंदणी मागितली. चूक कचेरीची आणि शिक्षा गाठीवाल्या मावशीला!

फूटपाथ चालणाऱ्यांचा आहे, हे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. मान्य आहे. आमच्या आयाही चालतात, त्यांच्याकडे गाड्या नाहीत. म्हणूनच कायदा विक्री क्षेत्रे आखायला सांगतो. क्षेत्र आखायचे नाही, मोजणी करायची नाही, आणि मग गर्दी झाली म्हणून ट्रक पाठवायचा, ही शिस्त झाली काय? दुसरा आक्षेप कराचा. तराजूपासून ताडपत्रीपर्यंत कर भरून घेतलेल्या वस्तूंवरच हा धंदा चालतो, आणि रोजची बाजार फी वेगळी. आमच्या घरी बावीस वर्षांचा डबा आहे, कोणीही येऊन पाहावा.

आमच्या मते हा केवळ रोजगाराचा प्रश्न नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते तहान लागली म्हणून नव्हे. जे सार्वजनिक आहे त्यावर आमचाही हक्क आहे हे सिद्ध करायला गेले. तोच हक्क पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये आला: विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते. रस्ते हा शब्द तिथे आहे. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात उपजीविका येते असे म्हटले, आणि १९८९ च्या सोदान सिंग खटल्यात रस्त्यावर विक्री करणे हा अनुच्छेद १९ (१) (छ) खालचा मूलभूत हक्क मानला. त्यावर वाजवी बंधने घालता येतील, पण हक्क नाकारता येणार नाही. फूटपाथ हे आजचे तळे आहे. तेव्हा पाण्याला शिवू नका म्हणत, आता 'अतिक्रमण' म्हणतात.

आता थोडे आपल्या घरचे. त्या आठ वर्षांत आपल्या चळवळीने या कायद्यासाठी किती मोर्चे काढले? पुतळ्याच्या जागेसाठी आपण रस्त्यावर उतरतो, उतरलेच पाहिजे. पण पुतळ्याच्या सावलीत बसून नीळ आणि झेंडे विकणाऱ्याला ट्रक उचलून नेतो तेव्हा आपण मिरवणुकीच्या बैठकीत असतो. संविधानाची उद्देशिका प्रत्येक विहारात फ्रेम करून लावली आहे. पथविक्रेता समिती कोणाला माहीत आहे? अनुसूचित जातीच्या प्रतिनिधीची तरतूद असलेली समिती, आणि तिची निवडणूक व्हावी म्हणून आपण एक निवेदन दिले नाही. आम्हालाही हा कायदा २०२० मध्ये मोबाईलवर आईचा अर्ज अडकला तेव्हाच कळला. शिकलेल्या पोरांचा हा गुन्हा आहे आणि तो आम्ही कबूल करतो.

२ एप्रिल २०२२ पासून, गुढीपाडव्यापासून, राज्यातले निर्बंध उठले. मावशीच्या गाठी त्या वर्षी दुपारीच संपल्या. २०२२ ची १४ एप्रिल दोन वर्षांनी रस्त्यावर झाली. झेंडेवाल्याच्या घरातल्या मूर्ती बाहेर आल्या, काही तेवढ्यात ओलीने खराब झाल्या होत्या, त्यांना त्याने पुन्हा रंग दिला. मिरवणूक चौकात आली तेव्हा आम्ही ढोलाच्या बाजूला एक टेबल मांडले आणि त्यावर दोनशे पानी वही ठेवली. नाव, काय विकता, कुठे बसता, किती वर्षे, कोणते कागद आहेत. रात्री अकरापर्यंत रांग होती. फळवाले चाचाही आले. आमच्या हातातल्या पेनाकडे पाहत त्यांनी आधी विचारले, "नाम किसलिए?" दोन वर्षांपूर्वी नाव विचारल्यावर काय झाले होते हे ते विसरले नव्हते. आम्ही त्यांना समजावून सांगितले. त्यांनी लिहू दिले, पण मोबाईल नंबर दिला नाही.

ती वही सरकारी सर्वेक्षण नाही, तिला कायद्याचे वजन नाही हे आम्ही जाणतो. १ मे २०२२ ला तिची प्रत घेऊन पालिकेत जायचे आम्ही ठरवले. मागण्या चारच आहेत. सर्वेक्षण करा. समितीची निवडणूक घ्या. तोवर ट्रक थांबवा. आणि पुढच्या संकटात धंदा बंद ठेवायचा असेल तर आधी भरपाई द्या, कर्ज नंतर. प्रत्येक विहाराने आपल्या बाजाराची अशी वही करावी, ही आमची विनंती आहे. पुढची साथ कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही, पण यादी आजच करता येते.

वहीत पहिले नाव आईचे आहे. आम्ही लिहायला घेतले तर तिने पेन काढून घेतले आणि स्वतः लिहिले, सावकाश, ओळीच्या थोडे वर. 'कोणते कागद आहेत' या रकान्यात काय लिहू, असे तिने विचारले. आम्ही म्हणालो, दंडाच्या पावत्या लिही. तिने थोडा विचार करून लिहिले: डबाभर.

जय भीम.